घरातलीच भांडी, घरातलाच उजेड

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की चांगल्या फोटोसाठी ताडोबाची जिप्सी बुक करावी लागत नाही, ओट्यावरची चाळणीही पुरते. त्यावर बरीच पत्रं आली. वाघवाले नाराज दिसतात. त्यांना एवढंच सांगते, वाघाशी माझं वैर नाही. तो दर वेळी पाठमोरा दिसतो अन् चाळणी तसं करत नाही, इतकाच मुद्दा होता. बाकीच्यांचा सूर साधारण एकच आहे: रोजच्या वस्तूत बघायचं तरी काय?

मला नव्याने वाचणाऱ्यांसाठी: माझी उमेदीची वर्षं नागपूरच्या इतवारी बाजारातल्या भांडेवाल्यांचे कॅटलॉग काढण्यात गेली. गंज (आमच्याकडची उभी पातेली), कढया, डबे, गडवे, पंचपाळी, इडलीपात्रं. लग्नाची कामं मी फार घेतली नाहीत. नवरीला ‘हलू नको’ म्हटलं तरी ती हलते, गंज हलत नाही. तेव्हा माझी उत्तरं भांड्यांकडे झुकलेली असणार, हे धरूनच वाचा.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाले. गुडघ्यांमुळे बाहेर पडणं होत नाही. मुलाने चांगला फोन घेऊन दिला आहे, पण घरात काढण्यासारखं आहे काय? तोच ओटा, तीच भांडी, तीच खिडकी. बाहेर निदान फुटाळा तलावावरचा सूर्यास्त तरी असतो. (वाचक, मानेवाडा)

ताई, फुटाळ्याचा सूर्यास्त इतरांवर सोडा. त्याला माणसांची कमतरता नाही. तुमच्या ओट्यावर येणारं ऊन तुमच्याशिवाय कोणी काढणार नाही.

प्रागमध्ये जोसेफ सुडेक नावाचा फोटोग्राफर होऊन गेला. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. पुढे १९३९ मध्ये शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं आणि कॅमेरा घेऊन रस्त्याने हिंडणं अवघड झालं, तेव्हा त्याने आपल्या छोट्याशा स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला घेतले. १९४० पासून १९५४ पर्यंत तो ते काढत राहिला. काचेवर धरलेली वाफ, पलीकडचं वाकडं झाड, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला पाण्याचा ग्लास, कधी एखादं फूल. खिडकी त्याचीही तीच होती. वाफ रोज वेगळी धरायची, थेंब वेगळे ओघळायचे, आणि तो काढत होता ते हे.

तुमच्या पत्रात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. खिडकी कोणत्या दिशेला आहे? मी दुसऱ्यांच्या घरी गेले की आधी हेच बघते, सोफा कसा आहे ते नंतर. पूर्वेची असेल तर सकाळचे पहिले दोन तास तुमचे. पश्चिमेची असेल तर चारनंतर चहा जरा लांबवा. उत्तरेची असेल तर थेट ऊन फारसं येणार नाही, पण दिवसभर मऊ, एकसारखा उजेड मिळेल, आणि काच, चिनीमाती, दूध, पीठ असल्या पांढऱ्या-पारदर्शक गोष्टींना तो फार मानवतो. दक्षिणेची असेल तर तुमच्यासारखं भाग्यवान कोणी नाही, मात्र हिवाळ्यात.

का ते सांगते. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात, २६ तारखेच्या आसपास, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी गच्चीवर उभा ग्लास ठेवला तर सावली त्याच्या बुडाखाली जाते, शोधून सापडत नाही. उलट २१-२२ डिसेंबरला ऐन दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशांच्या आसपासच असतो. म्हणजे वस्तू जेवढी उंच, तेवढीच तिची सावली लांब, तीही भरदुपारी. त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी हा आपल्याकडे घरातल्या वस्तूंचा खरा हंगाम. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार खोलीच्या मध्यापर्यंत येतं, आणि मिठाची बरणीसुद्धा ओट्यावर हातभर सावली टाकून बसते. उन्हाळ्यात तेच ऊन चौकटीबाहेर थांबतं.

उन्हाळ्यात शिवाय कुलर. एप्रिल लागला की आपल्या अर्ध्या खिडक्या त्याच्या मागे जातात आणि घरात अंधार. पण कुलर हीसुद्धा एक वस्तूच आहे की! खसाची (वाळ्याची) ताटी काढून बाल्कनीत उन्हासमोर उभी धरा. पाणी उतरत असताना मागून ऊन आलं की एकेका काडीच्या टोकावरचा थेंब पेटतो. (प्लग काढल्याशिवाय ताटीला हात लावायचा नाही. कुलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.)

आता प्रत्यक्ष काम. एक वस्तू निवडा, एकच. मी सांगेन चहाची गाळणी. ट्यूबलाइट बंद करा. ट्यूबचा उजेड आणि खिडकीचा उजेड एका फोटोत आले की एक बाजू हिरवट अन् दुसरी निळसर दिसते, आणि ते नंतर दुरुस्त करता करता जीव जातो. फ्लॅश बंद. फोनची लेन्स पदराने नाही, धुतलेल्या सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरातल्या फोनवर फोडणीचा तेलकट थर असतोच, आणि फोटो धुरकट आला की आपण उगाच फोनला दोष देतो. गाळणी उन्हात ठेवा. पडद्यावर गाळणीवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस तिथे पक्का होईल, मग शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. ओट्यावरचं ऊन पांढरंफटक दिसायचं थांबून दगडाचा पोत दिसू लागेल तिथवर ओढा. फोटो काळपट वाटेल. वाटू द्या.

मग मागचं आवरा. गाळणीमागे दुधाची पिशवी, औषधाची पट्टी, फ्रिजवरचं चुंबक, हे सगळं तुम्हाला रोजचं म्हणून दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतं. मी फोटोत काही आणून ठेवत नाही, काढून टाकते. त्यासाठी बाजारातून काही विकत आणायचं नाही. फोटोसाठी म्हणून घेतलेली लाकडी फळी आणि सुकलेल्या फुलांची जुडी दिसली की मला लगेच कळतं की या घरात त्यावर कोणी कधी कांदा चिरलेला नाही.

आंद्रे केर्टेस या हंगेरियन फोटोग्राफरने १९२८ मध्ये पॅरिसमध्ये एक काटा काढला, जेवायचा. बशीच्या काठावर टेकवलेला एक काटा आणि त्याची सावली. आणखी काही नाही. जेवण नाही, फुलदाणी नाही, जेवणारा माणूसही नाही. पुढे तोच फोटो काटे-चमचे बनवणाऱ्या एका जर्मन कारखान्याच्या जाहिरातीत वापरला गेला, हे आम्हा कॅटलॉगवाल्यांना विशेष कौतुकाचं. तुमच्या गाळणीचं ऊन आणि त्याच्या काट्याचं ऊन यात फरक असेल तर एवढाच, की आपलं जास्त कडक आहे.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोनवर लावायची मॅक्रो लेन्स घेतली. साबणाचा फेस, कंगव्याचे दात, टूथब्रशचे केस इतक्या जवळून काढतो की कोणालाच ओळखता येत नाही. ग्रुपवर धमाल येते. एका स्पर्धेत मात्र परीक्षक म्हणाले, ‘ओळखलं. मग पुढे?’ हे चुकीचं नाही का? (वाचक, हिंगणा रोड)

बेटा, परीक्षकांनी मोजक्या शब्दांत तुला फार कामाची गोष्ट सांगितली.

तू काढतोयस ते कोडं आहे. कोडं सुटेपर्यंत मजा, सुटलं की कोणी परत वाचत नाही. ‘अरे, हा तर कंगवा!’ म्हटलं की बोट पुढे सरकलं. रोजच्या वस्तूचा फोटो करायचा म्हणजे ती वस्तू लपवायची, असा एक समज सध्या फार बोकाळला आहे. मला तो पटत नाही. वस्तू काय आहे हे पहिल्या नजरेला कळूनही माणूस तिथे थांबला पाहिजे, खरी कसोटी ती.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरची ढोबळी मिरची बघ. १९३० सालची, कॅलिफोर्नियातली. तिचं नावच ‘मिरची क्रमांक ३०’. म्हणजे त्याआधी किती मिरच्यांसमोर तो माणूस बसला असेल याचा अंदाज कर. मिरचीमागे काय ठेवावं ते त्याला काही केल्या जमत नव्हतं. शेवटी त्याने ती एका पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या बाजूवरून उजेड परत फिरून मिरचीच्या वळणावळणावर पडला. सगळं स्पष्ट यावं म्हणून भिंगाचं छिद्र अगदी बारीक ठेवलेलं, त्यामुळे एका फोटोसाठी भिंग काही मिनिटं उघडं ठेवावं लागायचं. लोकांना त्या मिरचीत पाठ दिसते, खांदे दिसतात, एकमेकांना बिलगलेली माणसं दिसतात. पण मिरची लपलेली नाही! देठासकट समोर आहे. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की ती मिरचीच आहे, पण मिरचीपेक्षा जास्त. यातलं पहिलं अर्ध वाक्य तू सोडून दिलंयस.

जवळून काढण्याशी माझं भांडण नाही. बर्लिनच्या कलाशाळेत कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे शिक्षक होते, त्यांनी नेचे, देठ, कळ्या, बिया कितीतरी पट मोठ्या करून काढल्या. विद्यार्थ्यांना आकार शिकवायला म्हणून. १९२८ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा प्रत्येक चित्राखाली वनस्पतीचं नाव आणि किती पट मोठं केलंय तो आकडा छापला होता. उत्तर आधीच देऊन टाकलेलं. तरी ती पानं अजून उलटली जातात, आणि नेच्याचं गुंडाळलेलं पान बघून लोहाराने घडवलेल्या जाळीची आठवण येतेच.

तू उद्यापासून असं कर. फोटो दाखवण्याआधीच सांगून टाक, ‘हा कंगवा आहे.’ मग समोरच्याचा चेहरा बघ. आणि लेन्स काढून ठेवून एकदा पूर्ण कंगवा काढ. पाच वाजता, पांढऱ्या कागदावर उभा धरून, दातांच्या सावल्या कागदभर पसरू दे. नवा नको, घरात वापरातला घे, ज्याचे दोन दात गेलेत. त्या दोन गेलेल्या दातांच्या जागी सावलीत जी फट पडते, तिथेच बघणाऱ्याचं लक्ष जातं.

प्रश्न : स्टीलचे डबे आणि गंज विकतो. ऑनलाइन टाकायला फोटो काढले की भांड्यात मीच दिसतो, माझ्यामागे दुकान, समोरची स्कूटर, सगळं. भांडं सोडून बाकी सगळं दिसतं. काय करावं? (व्यापारी, इतवारी)

भाऊ, या एका प्रश्नावर माझं घर चाललं. सांगते.

स्टीलला स्वतःचा असा चेहरा नाही, समोर येईल ते ते दाखवतं. त्यामुळे दिवा भांड्यावर मारू नका. भांड्याच्या भोवती जे काही आहे त्यावर मारा. पांढरं, पातळ, न विटलेलं धोतर घ्या. चार काठ्या लावून त्याचा तंबू करा, भांडं आत ठेवा, दिवे तंबूच्या बाहेर, दोन बाजूंना. लेन्सपुरतं भोक ठेवा. आता भांड्याला फक्त धोतर दिसतंय, म्हणजे फोटोत भांडं पांढरं, गुळगुळीत येईल. इतकं पांढरं येईल की कडा कुठे संपते तेच कळणार नाही. म्हणून भांड्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, काळ्या पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या लावा. त्यांचं प्रतिबिंब कडेवर काळ्या रेघेसारखं उतरतं आणि गंजाला गोलाई येते. पट्टी बोटभर पुढे-मागे करत बसावं लागतं. या कामाचा निम्मा वेळ तिथेच जातो, घाई करू नका.

कॅमेरा लांब ठेवा आणि झूम करा. जवळ जाऊन काढलं की फोनची रुंद लेन्स गोल डब्याचा पोट सुटलेला डबा करते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, फोटोत वेगळा होता. लांब गेलात की तुमचं प्रतिबिंबही लहान होतं. अंगात काळा शर्ट घाला. तांब्या-पितळेला तंबू तोच, फक्त घासणं ऐन वेळी. चिंचेने लखलखीत केलेलं तांबं लवकर मंदावतं, तेव्हा आधी मांडणी, दिवे, पट्ट्या सगळं जुळवून मगच घासायला बसा. फोटोपूर्वी त्याला उघड्या हाताने धरू नका, बोटांचे ठसे तांब्यावर स्टीलपेक्षाही वाईट उठतात.

हे झालं धंद्याचं. तुमच्या पत्रातल्या ज्या फोटोला तुम्ही ‘बिघडलेला’ म्हणता तो मात्र मला पुन्हा पाठवा. गंजाच्या पोटावर वाकलेलं सगळं दुकान, वर टांगलेले झारे, रस्त्यावरची स्कूटर आणि मधोमध फोन धरलेले तुम्ही. विकायला उपयोगाचा नाही, कबूल. पण इतवारीच्या एका दुकानाचा इतका भरलेला फोटो मी काढायला गेले असते तर मला शिडी लागली असती. खाली चहाच्या ग्लासचा अर्धा काठ आलाय तेवढा टाळून परत काढा.

प्रश्न : यासाठी डीएसएलआर (भिंगं बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्यावा की फोनवर भागेल? बजेट पन्नास हजार. (वाचक, वर्धा रोड)

फोनवर भागेल. फोनमधला पोर्ट्रेट मोड तेवढा वस्तूंसाठी वापरू नका, तो कपाचा कान पार्श्वभूमी समजून पुसून टाकतो. फोन धरायला छोटा स्टँड घ्या, उजेड वस्तूवर परत फिरवायला दोन पांढरे थर्माकोल घ्या. उरलेल्या पैशात वर्षभर छापील प्रती काढा. चार बाय सहाची प्रत हातात घेतली की पडद्यावर न दिसलेल्या चुका दिसतात.

प्रश्न : आमची संत्र्याची बाग आहे. मी शाळेत शिकवते आणि फोटोही काढते. संत्र्याचा प्रत्येक फोटो मला कॅलेंडरमधला वाटतो. संत्र्यात नवीन काही उरलंय का? (शिक्षिका, काटोल)

बाई, खरं सांगू का, संत्र्याचा विषय निघाला की नागपूरची असून मला जांभई येते. कमानीवर संत्रं, मिठाईच्या डब्यावर संत्रं, भाषणात संत्रं. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलंच झालं, पण त्यानंतर टोपलीत रचलेल्या संत्र्यांचे जे फोटो सुरू झाले ते काही थांबायचं नाव घेत नाहीत.

तुम्ही टोपली सोडा. आपल्या संत्र्याची खरी खूण काय? साल सैल. नखाने सुटते. मग सालच काढा. काळी छत्री उघडून मागे ठेवा, सकाळचं ऊन मागून, जरा बाजूने येऊ द्या. कोणाला तरी साल दुमडून दाबायला सांगा. सालीतल्या तेलाची बारीक फवारणी उडते, तिची एरवी फक्त डोळ्यांना चुणचुण कळते. मागून ऊन असलं की ती काळ्या छत्रीसमोर स्पष्ट दिसते. फोनचं बटण दाबून धरा म्हणजे एकामागून एक फोटो निघत राहतील, त्यातला एखादा लागेल. जवळपास दिवा किंवा मेणबत्ती नको, ते तेल भुरकन पेटतं. तुमच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग ठाऊक असेलच. पोट्टे असल्या गोष्टी आधी शिकतात.

फोड सोलून खिडकीच्या काचेवर चिकटवा. उजेड आरपार येईल, गराच्या एकेक पिशव्या वेगळ्या दिसतील, बीची सावली मध्ये. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात तेव्हा ऊनही चढतं झालेलं असतं, तेव्हा ही फोड छान निघते. आंबिया बहाराची फळं हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, त्या दिवसांत सकाळी बागेतलं दव बघा.

आणि कधी कळमन्याच्या बाजारात माल घेऊन गेलात तर लिलाव संपल्यानंतर थांबा. ढीग उचलले गेले की खाली काय राहतं ते काढा: चेंगरलेलं एखादं फळ, मातीवर रसाचा डाग, रिकाम्या क्रेट्सच्या जाळीतून जमिनीवर पडलेले चौकोन. संत्रं त्यात एखादंच दिसेल, पण दिसेल नक्की. आधी काम करणाऱ्यांना विचारा. त्यांच्या पाठीवर ओझं असताना मध्ये उभं राहणं बरं नाही.

प्रश्न : मी दाराबाहेर काढलेल्या चपलांचे फोटो काढते. देवळाबाहेर, शिकवणीबाहेर, कोणाच्या घरी पंगत असली की तिथे. नवरा म्हणतो, लोक हसतील. सासूबाई म्हणतात, असले फोटो घरात लावायचे नाहीत. (वाचक, गोकुळपेठ)

नवऱ्याला सांगा, फोटोचा शोध जगजाहीर होऊन पुरती दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा इंग्लंडमध्ये टॅलबट नावाच्या माणसाने अर्धवट उघड्या दाराशी टेकवलेला खराटा काढला होता. १८४४ पासून त्याचं जे छायाचित्रांचं पुस्तक भागाभागाने निघालं त्यात तो आहे. सोबत त्याने लिहिलंय की इतरांना जिथे काही विशेष दिसत नाही तिथे चित्रकाराची नजर अडते. खराट्याला हसणारे लोक तेव्हाही असतीलच. खराटा टिकला.

चपला तर माणसाच्या जास्त जवळच्या. केर्टेसचंच आणखी एक उदाहरण देते. १९२६ मध्ये तो मोन्द्रियान या चित्रकाराच्या स्टुडिओत गेला आणि टेबलावरचे चष्मे आणि पाइप काढून आला. त्या फोटोत माणूस नाही, तरी तो त्या माणसाचाच फोटो म्हणून ओळखला जातो. तुम्ही पाठवलेल्या पाचपैकी शिकवणीबाहेरचा मला सर्वांत आवडला. सगळ्या मुलांच्या चपला एकमेकींवर पडलेल्या आणि एकच जोड भिंतीशी नीट, समोर तोंड करून ठेवलेली. ती कोणी ठेवली असेल याचा मी बराच वेळ विचार करत बसले. देवळाबाहेरचा मात्र वरून सरळ खाली काढलाय, त्यामुळे तो नुसती यादी झाला. जमिनीला टेकून, पायरीच्या उंचीवरून घ्या. टाचेची झीज दिसेल. कोण पाय बाहेर टाकून चालतं, कोणाच्या अंगठ्याचा ठसा रबरात उतरलाय, हे त्या उंचीवरूनच कळतं. आणि एकही चप्पल हाताने सरळ करू नका.

एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या घरात कोणी गेलंय त्या घराबाहेरही चपलांचा ढीग असतो. तो काढायचा नाही. फोटो कितीही चांगला दिसत असो, फोन पिशवीतच ठेवायचा.

सासूबाईंचं ऐका. अल्बममध्ये ठेवा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चपलेचा फोटो मीही लावणार नाही.

प्रश्न : कृष्णधवल केलं की माझा कोणताही फोटो कलात्मक दिसतो. मग सगळेच तसे का करू नयेत? नमुन्याला बादलीचा फोटो जोडला आहे, रंगीत आणि कृष्णधवल दोन्ही. (वाचक, महाल)

दिसतो, हे खरं. जुनं काहीतरी बघतोय असं वाटतं आणि आपण जरा आदराने बघतो. पण तो आदर फिल्टरला मिळालेला असतो.

मी असं ठरवते: फोटो कशावर उभा आहे? लोखंडी कढई, स्टील, उलथण्याची सावली, तुमच्या महाल भागातल्या जुन्या घरात छपराच्या कवेलूंमध्ये बसवलेल्या काचेतून शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलेला कवडसा, हे सगळं उजेड-अंधारावर आणि आकारावर उभं आहे. रंग काढला तर काही जात नाही, कधी कधी बरंच होतं, शेजारच्या हिरव्या प्लॅस्टिकचा त्रास वाचतो. पण तान्ह्या पोळ्याला मुलं मिरवतात तो लाकडी बैल घ्या, माळ्यावर वर्षभर पडून शिंगांचा लाल रंग उडालेला. तो लाल गेला की बैलाचं वय कळत नाही. नीळ, हळद, पतंगाचा कागद, कपड्यांचे चिमटे, साबणाची वडी, यांचा रंग काढून घेतला तर उरतं काय?

एकेकाळी रंगीत फोटो म्हणजे जाहिरात नाहीतर घरचा अल्बम, असंच गंभीर लोक समजत. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात विल्यम एगल्स्टन या अमेरिकन फोटोग्राफरचे रंगीत फोटो लागले तेव्हा टीकाकारांनी भरपूर नावं ठेवली. मुलाची तीनचाकी सायकल, तीही इतकी जमिनीलगतून काढलेली की मागची घरं तिच्यापुढे लहान दिसतात. आता त्या प्रदर्शनाचं नाव घेतल्याशिवाय रंगीत छायाचित्रणाचा इतिहास सांगता येत नाही.

तुमच्या फोटोत निळी बादली आहे, तिच्यात तांबडा मग आणि ओली पिवळट फरशी. कृष्णधवलमध्ये निळा आणि तांबडा दोन्ही जवळजवळ एकाच राखाडी छटेचे झालेत, त्यामुळे तो मग बादलीत आहे की बादलीलाच फुगवटा आलाय, ते कळत नाही. रंगीतच ठेवा. डाव्या कोपऱ्यातली साबणदाणी हलवा, नळाखालचा प्रकाश थोडा उतरवा, आणि मगचा दांडा कापला गेलाय तेवढा पुन्हा काढा.